फ्लूची लस दरवर्षी कशाला?

नमस्कार मंडळी,
गेल्या मोसमात लस घेऊनही पाच दिवस अंथरुणात होतो. दंड ठणकला तो वेगळाच. यंदा पुन्हा टोचून घ्या म्हणतात! गोवराची लस आयुष्यात दोनदा घेतली की सुटलो. हिचंच असं का? मला तर लसीनेच फ्लू झाला असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

---

काका, आधी शेवटचं. टोचायच्या लसीत मेलेला विषाणू किंवा त्याचे नुसते तुकडे असतात. त्यातून फ्लू होत नाही. एखादा दिवस कणकण येते, एवढंच. आणि संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

दरवर्षी का, तर हा विषाणू बहुरूपी आहे. गोवर तोच चेहरा घेऊन येतो. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं सारखी बदलतात, 'एच३एन२' या त्याच्या एका प्रकाराची तर फारच. शिवाय लसीचा असर काही महिन्यांत ओसरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी लसीतले प्रकार ठरवते. बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, त्यामुळे हा अंदाज सहाएक महिने आधी बांधावा लागतो. तेवढ्यात विषाणूने सोंग बदललं की नेम चुकतो. नेम बरा लागला तरी दवाखान्याची पायरी चढायची वेळ ४० ते ६० टक्क्यांनीच टळते, हे कबूल.

तरी मी घेतेच. जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो. ३० ते ५० लाख गंभीर आजारी पडतात, २.९ ते ६.५ लाख श्वसनाच्या त्रासाने दगावतात. हृदयविकाराने गेलेले यात धरलेलेच नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सहापट दिसला. तुम्ही मागे इथे स्टेंटचं लिहिलं होतंत, म्हणून मुद्दाम सांगतेय.

---

स्टेंटचं बरं लक्षात ठेवलंस! घेतो बाई. पण जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणाला दक्षिण गोलार्धात जातोय. इथली लस चालेल?

---

तिकडे तेव्हा ऐन मोसम असेल, आणि इकडची आधी घेतलेली लस तोवर उतरणीला. इकडे तेव्हा ताजी लस मिळेलच असं नाही, तेव्हा पोचल्या पोचल्या तिकडची घ्या. डॉक्टरांना आधीच्या डोसची तारीख सांगा. आणि लेकीने घेतली का, विचारा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत, त्याला आईकडून मिळेल तेवढंच संरक्षण.