परवाना क्लबचा, ओटीपी जुन्या सचिवांकडे

हॅम रेडिओ क्लबचे, म्हणजे हौसेने बिनतारी संच चालवणाऱ्यांच्या क्लबचे, जुने सचिव मुलाकडे पुण्याला गेले, आता क्लबच्या परवान्याचं काय, असं एकाने विचारलंय. आमच्याकडे रत्नागिरीला अगदी हेच झालं होतं.

परवाना आणि कॉलसाइन (हवेत ओळख सांगायचं सांकेतिक नाव) क्लबचे असतात, माणूस गेला म्हणून ते जात नाहीत. पण क्लबच्या स्टेशनची जबाबदारी स्वतः परवाना असलेल्या हॅमकडेच, म्हणजे हौशी रेडिओ चालकाकडेच हवी. नवा जबाबदार माणूस निवडताना हे आधी बघा. सभेत ठराव करा, नवं नाव इतिवृत्तात लिहा आणि दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीला, म्हणजे हे परवाने देणाऱ्या शाखेला, लगेच कळवा.

आमचं घोडं अडलं ते सरल संचार या परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर. तिथे सचिवांचा स्वतःचा मोबाइल नंबर होता, ओटीपी त्यांच्याकडे जायचा आणि ते नातवाच्या शाळेत. तीन संध्याकाळी अशाच गेल्या. मूळ परवाना त्यांच्या कपाटात, पावसाळ्यात दमटून कडेला बुरशी धरलेला. तेव्हापासून क्लबचा वेगळा ईमेल आहे, पासवर्ड दोघांकडे असतो आणि परवान्याची मुदत खोलीतल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते.

हे टाळू नका, कळकळीने सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात मोबाइल बंद पडले होते, आठवतंय ना? अशा वेळी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या हॅमच्या पट्ट्यावरचा बिनतारी हँडसेट कामाला येतो. त्या दिवशी परवाना संपलेला नको.

ठरावाचा मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवतो.