अनुभव धागा: मांजर आणि फोनचा पडदा

फोनवर पळणाऱ्या उंदरावर मांजर झडप घालतं आणि लगेच फोनच्या मागे जाऊन हुंगतं. असं का होतं, पडदा त्याला कसा दिसतो आणि आपण काय बदलू शकतो, ते इथे जमा करू या. 'आमचा बोका किती हुशार' हे किस्से दुसऱ्या धाग्यावर. इथे अंतर, सेटिंग, आवाज, धोके असं हाताशी येणारं लिहा.

मिशीदार
आधी अंतर. साधारण २५ सेंमीच्या आतलं मांजराला स्पष्ट दिसत नाही, तिथलं काम मिशा करतात. त्यामुळे फोन नाकाशी धरून उपयोग शून्य. अर्धा ते एक मीटरवर, जमिनीलगत, किंचित तिरका ठेवा. मांजराची बारकावे टिपायची क्षमताही आपल्याहून बरीच कमी असते. आपल्याला १०० फुटांवरून ओळखू येणाऱ्या वस्तूसाठी त्याला २० फुटांवर किंवा त्याहून जवळ यावं लागतं. म्हणून उंदराचे केस न् केस दिसणारा व्हिडिओ त्याच्यासाठी वाया आहे. ठळक, एकसंध आकार हवा आणि तो हलता हवा.

रंगांचं म्हणाल तर निळा आणि पिवळट हिरवा त्याला वेगळे दिसतात, लाल मळकट दिसतो. हिरव्या गवतावरचा लाल किडा आपल्याला उठून दिसतो, त्याला जवळपास नाहीच. गडद निळ्यावर पांढरा किंवा पिवळा ठिपका उत्तम. रात्रीचा निळा प्रकाश गाळणारा फिल्टर बंद करा, नाहीतर त्याच्या वाट्याचे अर्धे रंग आपणच काढून घेतो. अंधाऱ्या खोलीत मात्र ब्राइटनेस उतरवा. त्याचे डोळे मंद उजेडासाठीच घडलेत.

फ्रेमरेट
'मांजराला पडदा लुकलुकताना दिसतो' हे विधान जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीबद्दल ठीक होतं. तिथे चित्र सेकंदाला ५०-६० वेळा उजळून विझायचं आणि मांजराच्या डोळ्याला आपल्यापेक्षा जलद लुकलुक कळते. एलसीडी पडद्यात दोन फ्रेमच्या (एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या) मध्ये अंधार होत नाही, मागचा दिवा चालूच असतो. ओएलईडी (ज्यात मागचा दिवा नसतो, ठिपके स्वतःच उजळतात) कमी ब्राइटनेसवर लुकलुकतो खरा, पण बऱ्याच फोनांत २४० हर्ट्झ (सेकंदाला २४० वेळा) किंवा त्याहून वेगाने, म्हणजे मांजराच्या मर्यादेपलीकडे. खरी अडचण व्हिडिओची आहे. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत वेगाने पळणारी वस्तू धावत नाही, उड्या मारते. स्वतः चित्रीकरण करणार असाल तर ६० फ्रेमवर करा.

टवकारलेले कान
पडद्यापेक्षा स्पीकर जास्त काम करतो, हे कुणी लिहिलं नाही अजून! उंच पट्टीचा आवाज मांजर सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकतं. फोनचा आवाज फार तर २० किलोहर्ट्झच्या आसपास संपतो, आणि फाइल जास्त दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असेल तर १६ च्या पुढचंही कापलेलं असतं. उंदरांची अतिउच्च किणकिण अशा रेकॉर्डिंगमध्ये नसतेच. तरी कागदाची सळसळ, नखांची खरखर, चिमण्यांची चिवचिव पुरेशी होते. आवाज निम्म्याहून कमी ठेवा. कान मागे पडले, शेपटी आपटू लागली की तो खेळ राहिलेला नाही, बंद करा.

काचकाम
गेम चालवताना फोन सरकतो, म्हणून खाली रबरी चटई घ्या. पंजाच्या गादीला घाम येतो, त्यामुळे तिचा स्पर्श पडद्याला कळतो. नख आणि केसांचा कळत नाही. काही गेममध्ये 'पकडलं तरी सुटलं' होतं ते यामुळेच. जाड संरक्षक काच असेल तर सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवा.

नखाने काचेवर ओरखडा पडत नाही, नख काचेहून खूप मऊ असतं. प्लास्टिकच्या फिल्मवर पडतो. काचेचा खरा शत्रू पंजाला चिकटून आलेला, शौचपेटीतल्या लिटरचा कण, कारण त्यात वाळू असू शकते. आधी पंजे पुसा.

आणि फोन कुलूपबंद करा, नाहीतर पंजा कुणालाही फोन लावतो. अँड्रॉइडवर सुरक्षा सेटिंगमध्ये 'ॲप पिनिंग' चालू करायचं, गेम उघडायचा, अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याच्या चिन्हावर टिचकी मारून 'पिन'. सोडताना कोड मागण्याचा पर्यायही चालू ठेवा. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीत 'गायडेड ॲक्सेस', मग बाजूचं बटण तीनदा.

मागे काय आहे
मूळ प्रश्न राहिलाच. भक्ष्य आडोशाला गेलं तरी ते तिथेच असतं, हे मांजराला कळतं. पडद्याच्या कडेवरून उंदीर गेला की ते कडेपलीकडे शोधणारच. तिथे वास नाही, वस्तू नाही, म्हणून थोड्या वेळात नाद सोडतं. याला मठ्ठपणा म्हणू नका.

पडद्यावरचा सपाट चेहरा मांजराला ओळखता येतो का, यावर जपानमधला २०२२चा प्रयोग आहे: सोबतच्या मांजराचं नाव ऐकवून पडद्यावर भलत्याच मांजराचा चेहरा दाखवला, तर घरगुती मांजरं जास्त वेळ बघत राहिली. तरी व्हिडिओ कॉलवर आधी आवाज द्या, चेहरा नंतर.

दोरी-पिसं पक्ष
किती वेळ? २००८च्या बेलफास्टमधल्या अभ्यासात निवारागृहातल्या १२५ मांजरांचे गट करून पडद्यावर वेगवेगळी दृश्यं दाखवली. मांजरांनी सरासरी जेमतेम ६ टक्के वेळ तिकडे पाहिलं, आणि रोजच्या सत्रात जसजसा वेळ गेला तसं लक्ष उतरत गेलं. थोडक्यात, तासभर लावून ठेवणं हे आपल्याच समाधानासाठी. पाच-दहा मिनिटं पुरेत.

मोठा दोष असा की शिकार कधीच तोंडात येत नाही. लेझर टॉर्चच्या ठिपक्याचंही तेच: २०२१च्या एका सर्वेक्षणात लेझरचा जास्त वापर आणि सावल्यांमागे धावत सुटण्यासारख्या सवयी एकत्र आढळल्या. एकामुळेच दुसरं, हे त्याने सिद्ध होत नाही, पण सावध राहावं. शेवटच्या मिनिटात पडदा बंद करून पिसांची दोरी त्याच जागी फिरवा, एकदा पकडू द्या, चावू द्या, मग चार दाणे खाऊ.

मिशीदार
एक राहिलं. चार्जिंगला लावलेला फोन खेळायला देऊ नका, वायर चावली जाते. फोन चार्जरला जोडलेला नसतानाही सॉकेटमध्ये राहिलेला ॲडॉप्टर काढा. ओठाच्या कोपऱ्यात भाजल्याची खूण, लाळ किंवा धाप दिसली तर आधी मेन स्विच बंद, मगच मांजराला हात, आणि थेट पशुवैद्य. फुप्फुसात पाणी काही तासांनंतरही साचू शकतं, तेव्हा 'आता बरं दिसतंय' म्हणून थांबू नका.