कोळसा, जैतापूर आणि गळणारा मोहर : तापमानवाढीचे आधी कोणी निस्तरायचे?

कातळावरचा (देवगड)

वीजटंचाईच्या धाग्यावर काल कोळशाच्या वीजक्षेत्रात नोकरी केलेले ‘टर्बाइनवाला’ यांनी लिहिले की तापमानवाढ खरी आहे, पण ती युरोप-अमेरिकेने दीडशे वर्षे धूर सोडून केलेली आहे, तेव्हा त्यांनीच ती निस्तरावी. कोळसा भरवशाचा आहे, तो भारताने अजून तीस वर्षे बिनधास्त जाळावा, आणि ‘मोहर गळला की हवामानाच्या नावाने गळा काढणाऱ्या कोकणी बागायतदारांनी’ आधी आपले फवारणीचे वेळापत्रक तपासावे. बाकीचे मी सोडून दिले असते. हे शेवटचे झोंबले, म्हणून हा वेगळा धागा.

पालवी पक्व झाली आणि रात्रीचा गारवा पडू लागला की हापूसला मोहर येतो. थंडी आलीच नाही तर त्याच डोळ्यांतून तांबूस पालवी फुटते आणि त्या फांदीचे वर्ष फुकट जाते. थंडी उशिरा येऊन लांबली, तर कणी धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहर येतो, झाडाचे अन्न तिकडे वळते आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा खाली सडा पडतो. मध्येच अवकाळी शिंतोडे आले की करपा आणि तुडतुडे येतात, आणि फेब्रुवारीअखेर पारा एकदम चढला की उरलीसुरली फळे उन्हाच्या बाजूने भाजून निघतात. वडील मोजक्या फवारण्यांत हंगाम काढत. आज औषधांची उधारी वाशी बाजाराच्या विक्रीपट्टीतून फिटत नाही. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने वाढलेली कलमे मुळासकट आडवी केली, तेव्हा कोणते वेळापत्रक चुकले होते, तेही साहेबांनी सांगावे.

अमेरिकेने फेडायचे आहे, याबद्दल माझा वाद नाही. इंधन जाळून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा त्या एका देशाचा आहे. पण ती फेड होईपर्यंत आपण त्यात भर घालत राहायचे, हा युक्तिवाद मला कळत नाही.

टर्बाइनवाला (पुणे)

माझ्या प्रतिसादातील एक वाक्य उचलून आपण अख्खा धागा काढलात, त्याबद्दल आभारी आहे.

भारतातील माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकन माणूस सुमारे चौदा टन. २०२४ साली बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी सगळ्या गरीब जगासाठी मिळून २०३५पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले. ती रक्कम अपुरी असल्याचे भारताने तिथल्या तिथे सुनावले होते. पुढे दोन महिन्यांत अमेरिकेने पॅरिस हवामान करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी खड्डा खणला ते असे वागत असताना ज्याच्या घरी कालपरवा पहिला पंखा लागला त्याला संयम शिकवणे मला अश्लील वाटते. आपण २०७०चे नक्त शून्याचे (जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेण्याचे) उद्दिष्ट जाहीर केले आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

आता प्रश्न माझा. आपल्या तालुक्याच्या शेजारी, राजापूर तालुक्यात जैतापूरला, १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या उभ्या राहायच्या होत्या. चालताना धूर नाही, राख नाही, ९९०० मेगावॉट वीज. त्या प्रकल्पाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांत आंब्याचे बागायतदार होते की नव्हते?

कातळावरचा

होते, आणि मीही होतो. प्रकल्पाच्या जागेवरचा माडबनचा सडा (कातळाचे पठार) पडीक असल्याचे सरकारी कागदात लिहिले गेले. त्या सड्यावर पावसाळ्यात भात आणि नाचणी होते आणि वर्षभर गुरे चरतात, हे कोणी पाहायला आले नाही. साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विचारले की भट्ट्या थंड करून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी किनाऱ्यापासून दूर गेली तर काय, तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले. मार्च २०११मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. हे सगळे ‘धूर नाही, राख नाही’ या शब्दांत बसत नाही.

शिवाय ज्या फ्रेंच बनावटीच्या भट्ट्या इथे यायच्या होत्या, त्याच प्रकारच्या, फ्रान्समधल्या फ्लामानव्हीलच्या भट्टीचे काम २००७मध्ये सुरू झाले. २०१२ची मुदत होती आणि वीजवाहिन्यांच्या जाळ्याला वीज मिळाली डिसेंबर २०२४मध्ये. खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या वर गेला. फ्रान्सच्या घरात ही गत असेल, तर राजापुरात काय झाले असते याचा अंदाज आपणच करावा.

नेकारकाठचा (स्टुटगार्ट)

मूळ विषय बाजूला पडतो आहे, तरीही राहवत नाही. जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केल्या. त्यांपैकी नेकारवेस्टहाइमची आमच्या शहरापासून जवळच. त्या संध्याकाळी माझे जर्मन शेजारी आनंदाने बिअर घेऊन बसले होते, आणि त्याच्या आदल्या वर्षी रशियाचा वायू तुटल्यावर याच देशाने राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रे पुन्हा पेटवली होती. चांगल्या चालत्या भट्ट्या बंद करून कोळसा जाळणे हा शहाणपणा असेल, तर तो मला अनेक वर्षे इथे राहूनही उमगलेला नाही. कातळावरच्यांची भीती समजते, पण भीतीलाही कार्बनची किंमत असते.

शंकासुर

हवामान कायमच बदलत आले आहे. १९७२च्या दुष्काळात आमच्या आईने सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा कुठे होता तुमचा कार्बन?

नेकारकाठचा

तेव्हाही हवेतच होता, फक्त कमी. हवाईतील माउना लोआवर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२०च्या पुढे आहे. एकच वर्ष पाऊस न पडणे आणि सगळ्या पृथ्वीचे सरासरी तापमान दशकामागून दशक चढत जाणे, यांतला फरक आपल्याला समजत नसेल असे मला वाटत नाही.

इरईकाठची (चंद्रपूर)

वरचे सगळे वाचले. देवगडचे भाऊ आणि पुण्याचे साहेब दोघेही मोठ्या तावातावाने भांडत आहेत, पण ज्या विजेवर दोघांचेही संगणक चालतात ती कुठे तयार होते, याचा उल्लेख एकाही प्रतिसादात नाही. ती आमच्या जिल्ह्यात तयार होते. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घातले तर दुपारपर्यंत त्यांच्यावर करड्या राखेचा थर बसतो. बोटाने पुसला तर निघत नाही, चोळला तर पापडात मुरतो. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असतो आणि तेव्हाच भारनियमन होते. आमचा कोळसा, आमचे पाणी, आमची फुप्फुसे, आणि वीज मुंबई-पुण्याला.

कोळसा भरवशाचा, असे साहेब म्हणतात. परळीचे औष्णिक केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे त्यांच्या क्षेत्रातलेच उदाहरण आहे. दुष्काळ वाढणार असतील, तर वाफेवर चालणारे केंद्र कशाच्या भरवशावर उभे करायचे?

आणि भाऊ, आपल्याबद्दलही. कोकणात अणुभट्टी नको, मुंबईच्या हवेत धूर नको, पण दिवे लागले पाहिजेत. मग उरतो कोण? अमेरिका आपल्याशी जशी वागते, तसेच आपण चंद्रपूरशी वागतो.

टर्बाइनवाला

ताई, परळीचा मुद्दा मान्य, कारण तो नाकारण्याची सोय नाही. मात्र पापडावरील राखेचे कारण कोळसा नसून धूळरोधक यंत्रणेची हलगर्जी देखभाल आहे. मी नोकरीत असताना त्यासाठी टिपणांवर टिपणे लिहिली आणि त्या बदल्यात आडवळणाची बदली पदरात पाडून घेतली. तेव्हा कोळशाच्या लोकांना काळजी नसते, असे कृपया लिहू नका.

इरईकाठची

आपण टिपणे लिहिलीत, आम्ही राख गिळली. दोघांचेही योगदान नोंदले जावे.

कातळावरचा

ताईंच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, पण जैतापूर नाकारले म्हणून चंद्रपूर पेटले हा हिशेब मी मानणार नाही. ती भट्टी आजही उभी नसती. फ्लामानव्हीलचे आकडे वर दिलेच आहेत. दरम्यान सौर विजेचे लिलाव २०२० साली युनिटला अडीच रुपयांच्या खाली आले होते. शेतकऱ्याला रात्री बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला न लावता दिवसा वीज देता येते. सुरुवात तिथून करावी.

टर्बाइनवाला

सूर्य मावळल्यावर आपण बॅटरीचे काय करणार, हे विचारत नाही, कारण उत्तर अमेरिकेने पैसे द्यावेत असेच येईल. सौर तर सौर, तूर्त मान्य. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. राजापूर-देवगडचे सडे मोकळे आहेत, ऊन भरपूर आहे. मग पॅनेल तिथेच टाकायची ना?

कातळावरचा

सडे मोकळे नाहीत, हे वर लिहिले आहे. त्यांच्यावर गुरे चरतात आणि बारसू परिसरात कातळशिल्पे आहेत. आधी शहरांतल्या गच्च्या भराव्यात.

इरईकाठची

म्हणजे तेही नको. ठीक आहे, इकडे कोळसा अजून बराच आहे.