देवनारच्या सफाईचे २,३६८ कोटी कोणी भरायचे? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ताळेबंद

देवनार क्षेपणभूमीच्या ११० हेक्टरवरचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा बायोमायनिंगने (खणून, चाळून, वेगवेगळा करून) उपसायचं २,३६८ कोटींचं काम मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये काढलं. मुदत तीन वर्षं. त्याआधीच, २०२४ मध्ये, याच जागेतली १२४ एकर (साधारण ५० हेक्टर) धारावी पुनर्विकासाला द्यायचं राज्य सरकारने ठरवलं होतं. त्यामुळे पैसे पालिकेने भरायचे की जागा घेणाऱ्याने, हा वाद पेटलाय.

माझं म्हणणं: खर्चाचे दोन भाग करा. आग, दुर्गंधी आणि खाडीत जाणारं लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) थांबवण्याचा खर्च पालिकेचा. तिथे माणसं राहायला न्यायची म्हणून जे जास्तीचं करावं लागेल, ते जागा घेणाऱ्याने भरावं आणि काम सुरू होण्याआधी एस्क्रो खात्यात (अट पूर्ण झाली तरच पैसे सुटतात असं तिऱ्हाइताकडचं खातं) ठेवावं.

कारण जागेचा वापर ठरला की खर्च ठरतो. गोराईला १९.६ हेक्टरवरचा डोंगर जागच्या जागी आकार देऊन झाकला, गॅस काढायच्या विहिरी घातल्या. तिथे इमारत होणार नाही, पण त्रास थांबला. मुलुंडला २४ हेक्टरवरचा ७० लाख टन कचरा उपसायला ७३१ कोटी, म्हणजे टनामागे १,०४४ रुपये. देवनारला १,२८० रुपये. इंदूरने देवगुराडियाचा १३ लाख टन कचरा यंत्रं भाड्याने घेऊन सुमारे १० कोटींत हलवला. टनाला शंभर रुपयेसुद्धा पडले नाहीत, कारण चाळलेली माती तिथेच पसरून हिरवळ केली आणि वाहतूक वाचली. देवनारला घरांचं ठरलं म्हणून सगळं बाहेर काढायचं, तर तो फरक करदात्याच्या डोक्यावर का?

खाडीकाठ

सहमत नाही. देवनारला १९२७ पासून कचरा टाकतंय ते शहर. 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व लावलं तर बोट पालिकेकडेच जातं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही जुन्या क्षेपणभूमींची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. पुढे तिथे काय बांधणार, यावर ती अवलंबून नाही.

दुसरं, एस्क्रोत पैसे येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर किती वर्षं? जानेवारी २०१६ ची आग आठवा. कित्येक दिवस धूर गोवंडी-मानखुर्दवर बसून होता. तिथल्या लोकांना करारातल्या कलमांची वाट बघायला लावू नका. आणि विकासकाने भरले तरी तो जादा चटईक्षेत्र (बांधकामाची परवानगी) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता-विकता येणारा बांधकामाचा हक्क) मागणार. म्हणजे भरणार शेवटी शहरच, फक्त ते अंदाजपत्रकात दिसणार नाही. त्यापेक्षा उघड खर्च बरा.

चाळणी

दोघंही १८५ लाख टन हा आकडा पक्का धरून चाललाय. तो मोजमापाचा अंदाज आहे. ड्रोन किंवा टोटल स्टेशनने (जमीन मोजणीचं यंत्र) घनफळ मिळतं, वजन नाही. एक हेक्टर जागा आणि दहा मीटर उंची म्हणजे एक लाख घनमीटर. घनता घनमीटरला ०.८ टन धरली तर ८० हजार टन, १.२ धरली तर १ लाख २० हजार टन. देवनारच्या दराने हेक्टरी पाच कोटींहून जास्त फरक नुसत्या गृहीतकावर. म्हणून वेगवेगळ्या खोलीवर बोअर घेऊन घनता आणि ओलावा मोजायचा, आणि बिल काढताना वजनकाट्याची नोंद दर महिन्याच्या घनफळाशी ताडायची. नुसत्या वजनकाट्यावर पैसे दिले तर पावसाचं पाणीही टनाच्या भावाने विकलं जातं आणि चाळलेली माती पुन्हा काट्यावरून फिरते.

वेगाचंही पाहा. १,०९५ दिवस न थांबता काम केलं तरी रोज १६,९०० टन. पावसाळ्यात ओला कचरा ट्रॉमेलच्या (फिरत्या गोल चाळणीच्या) भोकांत बसतो, चाळण जवळपास थांबते. दरवर्षीचे चार महिने वजा केले तर उरलेल्या दिवसांत रोज २५ हजार टनांच्या वर. आधी ढीग सैल करायचा, जैविक द्रावण फवारायचं, दोन-अडीच मीटर उंचीच्या रांगा लावायच्या, आठवड्याला एकदा याप्रमाणे चार वेळा उलटायच्या, मग चाळायचं. घाई झाली की पहिली काट या उलटण्यावर पडते. मग ओलं, चिकट प्लास्टिक मातीसकट आरडीएफमध्ये (कचऱ्यातल्या जळाऊ भागाचं इंधन) जातं आणि सिमेंट कारखाना ते परत पाठवतो. १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी निदान ५ टक्के इंधन आरडीएफचं वापरावं असा २०१६ चा नियम होता, पण राज्यातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूर-यवतमाळकडे. भाडं कोण देणार, हे निविदेत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर माल आवारातच पडून राहतो.

आणि कचऱ्याखालचा चिखल? कचरा उचलला म्हणजे जमीन साफ झाली असं नाही. इतक्या वर्षांचं लीचेट खाडीच्या चिकणमातीत मुरलंय. तिच्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम तपासावं लागेल. क्लोराइड आणि सल्फेटही, कारण ते पायलिंगच्या (इमारतीच्या खोल पायाच्या खांबांच्या) सळ्या आणि काँक्रीट खातात.

ताळेबंद

@चाळणी, माझी रेषा नेमकी तिथेच आहे. कचऱ्याचा त्रास थांबवण्यापुरतं काम पालिकेचं. तळाची माती तपासणं, खराब असेल तर काढणं, इमारतीखाली गॅस रोखणारा थर आणि वायुवीजन हा जास्तीचा खर्च. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या क्षेपणभूमीवर कार्यालयं झाली, तिथे वायूंमुळे संगणकांचे भाग गंजल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

@खाडीकाठ, म्हणूनच एस्क्रो टप्प्याटप्प्याने म्हणतोय. ज्या हेक्टरवर घरं नाहीत तिथे आजच सुरू करा.

रासायनिक

जमिनीच्या किमतीवर सफाई बसवली की जिथे किंमत नाही तिथलं विष तसंच राहतं. देशात १०३ दूषित जागा नोंदल्या गेल्या आणि सफाई सुरू झाली ती फक्त सात ठिकाणी. २०२५ च्या दूषित स्थळ नियमांत जबाबदार व्यक्ती शोधून वसुली करायची आहे. ती सापडली नाही तर केंद्र-राज्याने सोय करायची. पण कायमचा निधी कुठेय? कोळशाच्या उपकरातून २०१० मध्ये उभा केलेला स्वच्छ ऊर्जा निधी अशा कामांना वापरता येत होता. जीएसटी आल्यावर तो उपकर राज्यांच्या महसूल-भरपाईकडे वळला. अमेरिकेत सुपरफंडसाठी (दूषित जागांच्या सफाईचा निधी) रसायन आणि पेट्रोलियमवर कर होता, तो १९९५ मध्ये संपला आणि त्यांना रसायनांवरचा २०२१ च्या, पेट्रोलियमवरचा २०२२ च्या कायद्याने परत आणावा लागला. आपल्याकडे घातक रसायनांच्या उत्पादनावर टनामागे ठरावीक उपकर हवा, वेगळ्या खात्यात. स्वच्छ भारत मिशन २.० चा जुना कचरा हटवायचा टनाला ५५० रुपयांचा दर देवनारच्या निम्म्यालाही पुरत नाही.

खाडीकाठ

उपकराला पाठिंबा, पण देवनारला त्याचा आज उपयोग नाही. ताळेबंदांना एकच प्रश्न. बंद क्षेपणभूमीवर वस्तीचा विचार १५ वर्षांच्या देखरेखीनंतर, गॅस आणि लीचेट मर्यादेत असेल तरच, असं २०१६ च्या नियमांत होतं. कचरा पूर्ण उचलला तर ही अट लागू नाही असा युक्तिवाद होणारच. मग गॅस पुढे निघालाच तर जबाबदार कोण? तुमचं एस्क्रो तोवर रिकामं झालेलं असेल.

ताळेबंद

रिकामं होऊ द्यायचं नाही. जास्तीच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम १५ वर्षं राखून ठेवा, दर सहा महिन्यांनी विहिरींतल्या गॅसचे आणि भूजलाचे आकडे जाहीर करा, आणि सलग दोन वेळा मर्यादा ओलांडली तर त्यातून पैसे काढायचा अधिकार थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या.