कॅज्युअल्टी म्हणजे ठार नव्हे

प्रश्न : अमेरिकेच्या युद्धांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. तक्त्यात अमेरिकेच्या यादवीतल्या गेटिसबर्गच्या लढाईपुढे ‘कॅज्युअल्टीज 51 हजार’ आणि व्हिएतनामपुढे ‘डेथ्स 58,220’ असं आहे. दोन्हीकडे ‘ठार’ लिहिलं तर चालेल का? की ‘बळी’ बरा?

उत्तर : नाही चालणार, ताई. व्हिएतनामच्या अख्ख्या युद्धात अमेरिकेची गेली जवळजवळ तेवढीच माणसं गेटिसबर्गला तीन दिवसांत मेली, असा वाचकाचा समज होईल. जुलै 1863 मधल्या त्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून रणांगणावर मेले ते 7 ते 8 हजार. बाकीचे जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता. आपणही इस्पितळात ‘कॅज्युअल्टी’त नेतो तो माणूस जिवंत असतो, म्हणूनच धावतपळत नेतो ना?

आपल्याकडे ‘हताहत’ हा नेमका शब्द आहे. हत म्हणजे मेलेले, आहत म्हणजे जखमी. बातम्यांत ‘तीन हताहत’ म्हणजे तीन मेले असंच हल्ली वाचलं जातं, ते मला फार खुपतं. शब्दातली निम्मी माणसं त्यात पुसली जातात. ‘जीवितहानी’ फक्त मृत्यूची. ‘बळी’ म्हटलं की कुणी तरी घेतलेला किंवा दिलेला, तो निवाडा तक्त्यात नको.

आणखी एक. मृतांतही फरक असतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे 1,16,516 सैनिक गेले. त्यांतले 53,402 लढाईत कामी आले. उरलेले 63,114 जण इतर कारणांनी गेले, त्यांतले बहुतेक आजाराने दगावले. 1918 ची इन्फ्लूएन्झाची साथ छावण्यांत आणि सैनिकांनी खचाखच भरलेल्या जहाजांवर पसरली होती. दुसऱ्या महायुद्धात हे पारडं फिरलं : एकूण 4,05,399 मृतांपैकी 2,91,557 लढाईत गेले. ‘कामी येणे’ आणि ‘दगावणे’ हे दोन शब्द आपण रोज वेगळे वापरतो. मग तक्त्यातच का एक करायचे?

प्रश्न : पटलं. पण ‘हताहत’मध्ये बेपत्ता आणि कैदी कुठे बसतात?

उत्तर : नाही बसत. तिथे शब्द वाढवावा लागतो. वॉशिंग्टनच्या कोरियन युद्धस्मारकात दगडावर चार शब्द वेगवेगळे कोरलेत : मृत, जखमी, कैद, बेपत्ता. अमेरिकेच्या नावापुढे मृत 54,246, जखमी 1,03,284, कैद 7,140 आणि बेपत्ता 8,177. ते चारही मिळून कॅज्युअल्टी.

पण त्यातल्या ‘मृत’लाही जपून हात लावा. 54,246 मध्ये त्या काळात जगभर कुठेही मेलेले अमेरिकी सैनिक धरले होते. पुढे ही चूक मान्य झाली, आणि कोरियाच्या युद्धक्षेत्रातला आकडा 36,574 धरला जाऊ लागला. 2022 मध्ये त्याच स्मारकात नावांची भिंत उभी राहिली, तिच्यावर अमेरिकी नावं 36,634 आहेत. जुना आकडा मात्र दगडात आधीच कोरला गेला होता. कोरियात व्हिएतनामइतकेच अमेरिकी सैनिक मेले, ही तुलना त्यातूनच आली.

प्रश्न : मग रकाने असे करते : लढाईत कामी आलेले, आजाराने व अन्य कारणाने गेलेले, जखमी, कैद, बेपत्ता. गेटिसबर्गपुढे ‘हताहत, कैद व बेपत्ता मिळून सुमारे 51 हजार’.

उत्तर : अगदी बरोबर. फक्त ‘दोन्ही बाजूंचे’ हे शब्द गाळू नका. यादवी होती ती, दोन्हीकडची माणसं अमेरिकेचीच.