'रॅप्चर'च्या एलपीत शेवटच्या गाण्याला 'स' फाटतो: सुई की रेकॉर्ड?

महाल_तेहतीस:
अमेरिकन गायिका अनिता बेकरच्या 'रॅप्चर'ची जुनी एलपी आहे (एलेक्ट्रा, १९८६). 'स्वीट लव्ह' एकदम स्वच्छ वाजतं, पण त्याच बाजूचं चौथं 'बीन सो लाँग' आलं की 'स' अन् 'श' फाटून राहिले, उजव्या स्पीकरमधून जास्तच. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, सुईचं वजन (रेकॉर्डवरचा दाब) अंदाजानं लावलेलं. रेकॉर्ड गेली का?

खाचखळगे:
भाऊ, रेकॉर्डला दोष द्यायच्या आधी सेटिंग तपासा. कडेच्या गाण्याला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी खाच सरकते, लेबलजवळ २१च्या आसपास. तोच 'स' तिथं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे बारीकशी चूकही तिथंच ऐकू येते.

वजन डिजिटल काट्यावर २.० ग्रॅम करा (मर्यादा १.८ ते २.२). हलक्या सुईनं रेकॉर्ड जास्त टिकते हा समज साफ चुकीचा. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

उजवीकडे जास्त फाटतं म्हणजे बहुतेक अँटी-स्केट (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारं सेटिंग) कमी आहे. आर्म, म्हणजे सुईचा दांडा, आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर रेलते (तो डावा चॅनल) आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. आकडा २ वर ठेवा, मग पाव-पाव वाढवून ऐका. शेवटी प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या पट्टीवर) मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२०.९ मिमीच्या खुणांवर कार्ट्रिज रेषेत बसतं का ते बघा.

इतवारी_एलपी:
त्याआधी धुवा. मळलेल्या खाचेवर सेटिंग करण्यात अर्थ नाही. डिस्टिल्ड वॉटर ४०० मिली (बॅटरीच्या दुकानात मिळतं), आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, भांड्याच्या लिक्विडचे २ थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा धुवा, नाहीतर साबणाचा थर सुईवर गोळा होतो. बोअरचं पाणी अजिबात नको, वाळल्यावर क्षार खाचेतच राहतात. हे मिश्रण लाखेच्या जुन्या ७८ आरपीएम रेकॉर्डवर चुकूनही लावू नका, अल्कोहोलनं लाख विरघळते.

आणि राजेहो, कुलरच्या झोतासमोर रेकॉर्ड उघडी ठेवू नका, दमट धूळ चिकटून बसते. मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर तर नकोच. आडव्या थप्पीत ती हमखास वाकते. उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून पण घट्ट न कोंबता.

सुईधारक:
एवढं करूनही फाटलं तर दुसऱ्या बाजूचं शेवटचं 'वॉच युवर स्टेप' लावा. दोन्हीकडे सारखंच फाटलं तर सेटिंग किंवा सुई. फक्त पहिल्याच बाजूला फाटलं तर ती खाच आधीच्या कुणाच्या तरी झिजलेल्या सुईनं खाल्ली आहे. व्हीएम९५ईच्या लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तासांचं. त्याच बॉडीवर व्हीएमएन९५एमएल ही मायक्रोलिनियर (जास्त बारीक धारेची) सुई बसते. ती भिंतीला वेगळ्या ठिकाणी टेकते, त्यामुळे अशी झिजलेली बाजूही पुष्कळदा बरी वाजते.

ट्रेबल कमी करून 'स' लपवू नका. बेकरचा आवाज खालच्या पट्टीतला, काँट्राल्टो. ओळ संपताना ती श्वास सोडते आणि मागं पाउलिन्यो दा कॉस्ताचं परकशन अगदी हलकं वाजत असतं. ट्रेबल कापला की आधी हेच जातं, आणि फाटलेला 'स' जागच्या जागी राहतो.