अनुभव धागा: हाताळून हाताळून आपली झालेली शिकारी बंदूक

दादर (धागा सुरू करताना)

आजोबांची .३१५ रायफल (आकडा नळीच्या भोकाचा, इंचात) आमच्याकडे अजून आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने बोल्टची मूठ मागेपुढे करायची. लष्करी .३०३ चा परवाना सामान्य माणसाला मिळत नाही, त्यामुळे शिकारी घरांतून बहुधा हीच दिसायची. आजोबांची आलापल्लीच्या बाजूला सागवानाची ठेकेदारी होती, वनखात्याचं परमिट काढून ते शिकारीला जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांनी रायफल पुसून ठेवली ती ठेवलीच. त्यानंतर तिच्यातून गोळी सुटलेली नाही.

पण ती भरपूर वापरलेली आहे हे पाहताक्षणी कळतं. बोल्टच्या मुठीवरचा काळा रंग जाऊन खालचं लोखंड पांढरं पडलंय. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागाच्या, डाव्या अंगाला, जिथे नेम धरताना गाल टेकतो, तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा उजळ नि गुळगुळीत आहे. चामड्याचा मूळ पट्टा कुठल्याशा मुक्कामात तुटला तेव्हा आजीने खाकी नवारीचा शिवून दिला, दुहेरी टाक्यांचा. तोच अजून आहे. मी एकही शिकार पाहिलेली नाही, पाहायचीही नाही. तरी आजोबांचा कुठलाही फोटो मला त्या उजळ लाकडाइतका जवळचा वाटत नाही.

दागिना, घड्याळ, पितळी समई घरात नुसती राहू शकते. बंदूक राहू शकत नाही. पूर्वी दर तीन वर्षांनी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी, परवान्याचं नूतनीकरण करताना सरकार विचारतं की ही तुम्हाला कशाला हवी. वडिलांचं वय झालंय आणि तो प्रश्न आता माझ्यापुढे आहे. म्हणून हा धागा. भिंतीवरच्या शोभेच्या बंदुकांबद्दल नको. जी कुणाच्या तरी खांद्याला लागून झिजली तिच्याबद्दल लिहा. सांभाळली, विकली, जमा केली, जे केलं ते. परवाना क्रमांक आणि पत्ते कृपया लिहू नका. आणि आज चोरून शिकार करणाऱ्यांना इथे जागा नाही.

लालबाग

रायफल नाही, ठासणीची एकनळी. चालेल ना? संगमेश्वर तालुक्यात आमचं घर. परवाना शेतीसंरक्षणाचा. भातात, नाचणीत डुकरं घुसतात, माकडं नारळ नासवतात, म्हणून. हौसेखातर ती कधी कुणी उचलली नाही.

भरायला वेळ लागतो. आधी दारू, मग काथ्या ठासायचा, मग छरे, पुन्हा काथ्या, शेवटी घोड्याखाली दारू पेटवणारी कॅप. एक बार फुकट गेला की दुसरा भरेपर्यंत डुकरांनी निम्मा वाफा उलथलेला असतो. म्हणून आजा बहुतेक वेळा नुसता आवाज काढायचा आणि पत्र्याचा डबा बडवायचा.

बापूस परळला गिरणीत होता. १९८२ चा संप लागला, महिन्यांवर महिने गेले, शेवटी खोली भावकीतल्या एकाला देऊन आम्ही सगळे गावी गेलो. त्याच पावसाळ्यात आज्याने बापसाच्या हातात बंदूक दिली. गावात त्याच्याकडे बघून लोक कुजबुजायचे, गिरणी गेली, आता काय करणार हा? आज्याने त्याला काही समजावलं नाही, धीर दिला नाही. राखणीला पाठवलं. पहाटे भिजून आला की एकच हुकूम, "आदी नळी पूस, मंग जेव." साच्यावर वर्षं काढलेल्या माणसाला तेलाचा हात होताच. महिनाभरात घोड्याची स्प्रिंग त्याने स्वतः बसवली, आणि वाडीतले लोक आपापल्या बंदुका दुरुस्तीला त्याच्याकडे आणायला लागले. बापूस परत ताठ चालायला लागला तो तिथून, असं आई सांगते, आणि मला ते पटतं.

राग एकाच गोष्टीचा. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा. विधानसभेची निवडणूक नेमकी भातकापणीच्या तोंडावर येते. एकदा परत मिळाली ती नळीच्या तोंडाशी गंजून. आजा पडवीत रॉकेल आणि चिंध्या घेऊन बसला तो दिवेलागणीपर्यंत.

आता परवाना गावच्या भावाच्या नावावर आहे. मी गणपतीला गेलो की पुसायचं काम माझं.

विलेपार्ले

वेगळा सूर लावते, राग मानू नका. माझे आजोबाही शिकारी. त्यांची रायफल आम्ही विकली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांची वही मात्र ठेवली. प्रत्येक शिकारीला एक पान: कुठली टेकडी, वारा कुठून, जनावराची लांबी, पोटात काय सापडलं. शेवटच्या पानांवर शिकार जवळजवळ नाहीच, नुसतं "पाणवठ्यावर काही दिसलं नाही." हे वाचताना पोटात तुटतं. जनावरं संपत चालली होती आणि संपवणाऱ्यांपैकी एक ते लिहून ठेवत होता.

बंदुकीने शिकलेली माणसं मी नाकारत नाही. सालीम अलींचं सगळ्यांना माहीतच आहे: लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती ओळखायला म्हणून मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे गेले, आणि पुढचं सगळं आयुष्य पक्ष्यांना दिलं. पण आठवणीतला जिव्हाळा लिहिताना समोरचं जनावरही लिहा. एवढंच.

दादर

विलेपार्ले, राग कसला. वहीतलं एखादं पान इथे उतरवून दिलंत तर मला मनापासून आवडेल.

मुलुंड

बाबा गेले. परवानाधारक गेला की घरात बंदूक ठेवणं त्या दिवसापासून बेकायदा. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. दिवस व्हायच्या आत मी आणि धाकटा भाऊ टॅक्सीने फोर्टात एका जुन्या दुकानात गेलो, ती दिली, पावती घेतली. बाबांच्या कपड्यांना अजून कुणी हात लावला नव्हता, आणि ही पहिली घराबाहेर गेली.

पुढचं ज्यांना लागेल त्यांच्यासाठी नीट सांगतो. वारसाने नव्याने अर्ज करायचा, मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडे. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग पोलीस पडताळणी. बहीण पुण्याला, एक भाऊ परदेशात. प्रतिज्ञापत्रं गोळा करण्यातच फार वेळ गेला. तोवर बंदूक दुकानात, महिन्याचं भाडं भरून. मी भाडं भरायला जायचो तेव्हा ती बघून यायचो.

तिथे एक म्हातारे कारागीर आहेत. एकदा त्यांनी ती बाहेर काढली, दस्ता उजेडात धरला आणि विचारलं, "वडील डावखुरे होते?" मी नाही म्हटलं. बाबा उजव्या हाताने लिहायचे, जेवायचे. त्यांनी मला दाखवलं: धागाकर्त्यांनी लिहिलाय तसा गालाचा उजळ डाग आमच्या दस्त्यावर उजव्या अंगाला होता. डाव्या खांद्याला लावणाऱ्याचाच डाग तिथे पडतो. घरी येऊन आईला विचारलं. तिला लग्नानंतर कळलं होतं: शाळेत हातावर छड्या मारून मारून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. आम्हा भावंडांना हे कधी कुणी सांगितलंच नाही. रानात त्यांच्यावर लक्ष ठेवायला मास्तर नव्हते.

परवाना मिळाला. मी ती चालवत नाही, चालवणारही नाही. पण ती विकायची गोष्ट घरात पुन्हा निघालेली नाही.

वरळी

आमची ब्रनो .२२, मामाची. चेकोस्लोव्हाकियाची. मामाने ती सशा-तितरांसाठी घेतली होती, मी तिच्यावर वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नेम धरायला शिकले. कागदावरचं काळं वर्तुळ, बस्स. चापाला इतकं कमी वजन लागतं की नव्या रायफली मला जड वाटतात. अशी दुसरी आणायची म्हटलं तरी मिळत नाही. परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात कधीच बंद झाली आहे. रायफल कपाटात ठेवण्यापेक्षा ती रेंजवर न्या, असं मी म्हणेन. विलेपार्ल्याच्या ताईंनाही याला हरकत नसावी.

बोरिवली

आमच्यावर निवड करायची वेळ आली. वडिलांच्या नावावर तीन होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, एका माणसाकडे तीनऐवजी दोनच, आणि जास्तीची जमा करायला वर्षभराची मुदत. तीन म्हणजे: एक ग्रीनर या विलायती कंपनीची दुनळी, नक्षीकाम केलेली, आजही चांगली किंमत येईल अशी; एक .२२, आणि एक .३१५, जिच्या दस्त्याला मानेपाशी तडा गेलाय आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली.

सगळ्यांना वाटलं तारवाली जाणार. वडील दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ग्रीनर द्या. ती त्यांना एका जहागीरदारांकडून भेट आली होती आणि बहुतेक पेटीतच राहिली. तारवाली पडली होती सातपुड्यात एका उतारावर, त्यांच्यासकट. पाय मोडला होता, आणि त्याच रायफलीची काठी करून ते नाला ओलांडून वाडीपर्यंत आले. तिथल्या एका आदिवासी म्हाताऱ्याने पायाला खपच्या बांधल्या आणि त्याच बसकणीत दस्त्यालाही तार गुंडाळून दिली. वडील आजही ती तार बदलू देत नाहीत.

जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीवर चांदीची पट्टी आहे, १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट दिल्याचं त्यावर कोरलंय. ती रायफल आज रिग्बी कंपनीने परत मिळवून जपली आहे. आमच्या बंदुकांवर कुणी काही कोरलेलं नाही. त्यामुळे तार का आहे हे पुढच्या पिढीला आपणच लिहून ठेवायला हवं. मी एका कागदावर लिहून परवान्याच्या फाइलला जोडून ठेवलंय. तुम्हीही ठेवा.

माहीम

समुद्र समोरच आहे. पावसाळ्यात काय करता? आमच्या दुनळीच्या नळीवर दर ऑगस्टला तांबूस ठिपके येतातच.

वरळी

चामड्याच्या म्यानातून आधी बाहेर काढा. चामडं ओल धरतं आणि लोखंडाला देतं. हाताळल्यावर प्रत्येक वेळी तेलाच्या फडक्याने पुसा, बोटांच्या घामातल्या मिठानेच ठिपके येतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याला बदलून. लाकडाला जवसाचं तेल, अगदी थेंबभर, तळव्याने चोळून. पॉलिश मारू नका, गालाचा डाग जाईल.

दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. बोरिवलीकरांचं ऐकून काल वडिलांना पट्ट्याची गोष्ट पुन्हा विचारली आणि लिहून काढली. मुक्काम सिरोंच्याचा होता, हे मला आजवर माहीत नव्हतं.

आणखी एक, जे मला उशिरा कळलं: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. म्हणजे मुलुंडकरांसारखी धावपळ टळू शकते. आमच्याकडे दोन्ही अटी बसतात. माझी पुतणी तयार आहे, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तिने काढलंय, अर्ज या आठवड्यात देतो आहोत. मुलुंडकर, परदेशातल्या भावाची ना-हरकत तुम्ही वकिलातीतून साक्षांकित करून घेतलीत की इथल्या मुखत्यारपत्रावर भागलं? माझी एक आत्या कॅनडात आहे.